वंदे मातरम् चळवळ (हैदराबाद संस्थान, १९३८)

निजामाच्या राज्यातील विद्यार्थ्यांचे आंदोलन. अफजलपूर, गुलबर्गा, बीदर आणि मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होते. उस्मानिया विद्यापीठ व औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज येथील वसतिगृहांत प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. विद्यार्थ्यांनी संप पुकारला. शेकडो जणांना काढून टाकण्यात आले. आपले शिक्षण पणाला लावूनही अनेकजण मागे हटले नाहीत, हे या लढ्याचे खरे मोल. कुलगुरू टी. जे. केदार यांच्या पुढाकाराने नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. निषेध आणि शिक्षण यांची अशी सांगड पुढे इतरत्रही दिसली: अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात मार्च १९६५ मध्ये प्राध्यापकांनी व्हिएतनाम युद्धावर रात्रभर वर्ग चालवून निषेधाला अध्यापनाचे रूप दिले. हैदराबादेत मात्र विद्यार्थ्यांचे राजकीय शिक्षण वसतिगृहातच घडले. पुढे या विद्यार्थ्यांतील कित्येकजण हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या निजामाविरुद्धच्या मुक्तिलढ्यात उतरले.