कर्नाळ्याचा सुळका आणि सतरा आकडी संख्या

आजचा भाग मी कर्नाळा किल्ल्यावरून उतरल्यावर रेकॉर्ड केलाय, त्यामुळे धाप ऐकू आली तर सांभाळून घ्या. पनवेलकडून गोवा हायवेला लागलं की अंगठ्यासारखा वर आलेला तो सुळका दिसतो. चढ, मधे सुळका, मग उतार. तो बघताना मला एक संख्या आठवली.

१२३४५६७८९८७६५४३२१.

एकापासून नऊपर्यंत चढायचं आणि परत एकापर्यंत उतरायचं. एकूण १७ आकडे. ही संख्या म्हणजे नऊ वेळा लिहिलेल्या एकचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग. मोबाइलचा कॅल्क्युलेटर कदाचित शेवटचे आकडे गिळेल, म्हणून कागद घ्या. गुणाकारात एकाच्या ओळी सरकवत मांडल्या की पहिल्या रकान्यात एक १, दुसऱ्यात दोन, मधल्यात नऊ. हातचा कुठेच येत नाही. दहा एक घेतले की मधे १० येतात, हातचा येतो आणि सुळका ढासळतो : १२३४५६७९००९८७६५४३२१.

अशा संख्यांना 'डेम्लो' हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५, डहाणूचा. मुंबईपासून ३० मैलांवरच्या जीआयपी रेल्वेच्या एका स्टेशनवर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून स्टेशनचंच नाव. ते स्टेशन म्हणजे आपलं डोंबिवली, असं मानतात. लोकलची वाट बघताना आपण रील्स बघतो, हा माणूस आकडे बघत होता!

आता आपल्या संख्येच्या आकड्यांची बेरीज करा. ८१ येते. आणि ८१ ने तिला निःशेष भाग जातो! आकड्यांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच 'हर्षद' म्हटलं, म्हणजे आनंद देणारी. एकाच संख्येवर त्यांची दोन नावं.

कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. पदवी बी.एस्सी., पुढची नाही. त्यामुळे अनेक गणितज्ञांना त्यांचं काम पोरखेळ वाटायचं. १९७५ मध्ये अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या सदरात त्यांच्याबद्दल लिहिलं, तेव्हा जगाला नाव कळलं. तोवर त्यांना निवृत्त होऊन १३ वर्षं झाली होती. १९८६ मध्ये ते गेले. आज ६१७४ ला जगभर 'कापरेकर स्थिरांक' म्हणतात.

मी स्वतः दहावीला गणितात काठावर पास झालेलो. 'याचा उपयोग काय?' हा प्रश्न मीही खूप वेळा विचारलाय. पण कर्नाळ्यावर चढताना कोणी विचारत नाही ना, उपयोग काय म्हणून? वर जाऊन बघावंसं वाटतं, एवढं पुरतं. कापरेकर मास्तरांना आयुष्यभर तेवढंच पुरलं.

तर मंडळी, आठ एकांचा वर्ग आज हाताने करून बघा. त्याच्या आकड्यांची बेरीज ६४ येते. तो हर्षद आहे का, ते तुम्हीच शोधा. भेटू पुढच्या भागात!