चोरहाट वालुकाश्म : प्राणिखुणांचा वाद

मध्य प्रदेशातील शोण नदीच्या खोऱ्यात, विंध्य संघाच्या खालच्या भागात आढळणारा वालुकाश्म. त्याच्या थरांवरील अरुंद, वाकड्यातिकड्या खोबणींमुळे प्राण्यांच्या उत्पत्तिकाळाविषयी १९९८ मध्ये मोठा वाद निर्माण झाला.

सरपटण्याच्या वा बिळे करण्याच्या शिलाभूत खुणांत प्राण्याचा देह सहसा नसतो. म्हणून खडकाचे वय आणि खुणेचे मूळ या दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे सिद्ध कराव्या लागतात. आडोल्फ झायलाखर, पी. के. बोस व फ्रीड्रिख प्फ्ल्यूगर यांनी सायन्स या नियतकालिकात असे प्रतिपादन केले की, या खोबणी समुद्रतळावरील सूक्ष्मजीवांच्या चटईसारख्या थराखाली बिळे करणाऱ्या कृमिसदृश प्राण्यांच्या असून त्या १०० कोटी वर्षांहून जुन्या आहेत. सर्वमान्य प्राणिखुणा मात्र सु. ५६ कोटी वर्षांहून फारशा जुन्या नाहीत.

त्याच वर्षी आर. जे. आझमी यांनी या वालुकाश्माच्या वरच्या रोहतासगड चुनखडकात कँब्रियन काळाच्या (सुरुवात सु. ५४ कोटी वर्षांपूर्वी) आरंभीचे सूक्ष्म कवचयुक्त जीवाश्म सापडल्याचे जाहीर केले. ते खरे मानल्यास हे खडक बरेच तरुण ठरत होते व खोबणींचे असाधारण महत्त्व उरत नव्हते.

वयाचा निर्णय ज्वालामुखी राखेने दिला. राखेच्या थरांतील झिरकॉन स्फटिकांतील युरेनियमाचे ठराविक गतीने शिशात रूपांतर होते. त्यांच्या प्रमाणावरून २००२ मध्ये दोन स्वतंत्र संशोधकगटांनी खालच्या विंध्य संघाचे वय सु. १६० ते १६३ कोटी वर्षे काढले. २००९ मध्ये स्टेफान बेंग्टसन व सहकाऱ्यांनी चित्रकूट परिसरातील फॉस्फेटयुक्त खडक तपासले. त्यांतील ‘कँब्रियन’ म्हटलेले अवशेष खरे जीवाश्म निघाले. परंतु खडकाचे वय सु. १६५ कोटी वर्षे आले आणि हे अवशेष प्राण्यांचे नसून सूक्ष्मजीव व शैवलसदृश जीवांचे असल्याचे दिसले.

वय निश्चित झाल्याने मूळ दावा बळकट होण्याऐवजी अधिक अवघड झाला. खोबणी प्राण्यांच्या मानल्या, तर पुढील सु. १०० कोटी वर्षे प्राण्यांचा सर्वमान्य पुरावा का मिळत नाही, हे सांगावे लागते. त्यामुळे सूक्ष्मजीवांचा थर आकसून पडलेल्या भेगा वाळूने भरून या आकृती झाल्या असाव्यात, हे स्पष्टीकरण अधिक संभाव्य मानले जाते. जुन्या खडकांतील खुणांचा अर्थ लावताना केवळ आकारसाम्यावर विसंबता येत नाही, हे या वादाने दाखवून दिले.