एका वेलांटीची गोष्ट

'व्यापार' हा खेळ कधीच खेळला गेला नाही असे मराठी घर विरळाच. सुट्टीची दुपार, खाली सतरंजी, मधोमध पट, कागदी नोटांची बँक सांभाळणारा एखादा दादा आणि शेवटी ठरलेली रडारड! जागा विकत घ्यायच्या, त्यांवर घरे बांधायची, दुसऱ्याची सोंगटी आली की भाडे वसूल करायचे आणि एकेकाचे दिवाळे काढत एकट्याने उरायचे. आपला हा 'व्यापार' म्हणजे अमेरिकेतल्या 'मोनॉपली'चे देशी रूप. मोनॉपली म्हणजे मक्तेदारी.

हा खेळ कुणी शोधला? याचे एक गोड उत्तर कित्येक वर्षे सांगितले जात होते, खेळाच्या खोक्यातूनसुद्धा. १९३० च्या दशकातली महामंदी. फिलाडेल्फियातले चार्ल्स डॅरो बेकार झाले. घरी बसल्याबसल्या त्यांनी अटलांटिक सिटी या समुद्रकाठच्या गावाच्या आठवणीने मेणकापडावर पट आखला, त्या गावातल्या रस्त्यांची नावे घातली, खेळ पार्कर ब्रदर्स या कंपनीला विकला आणि ते कोट्यधीश झाले. कष्टाला फळ मिळते, असे तात्पर्य खाली लिहून मोकळे व्हावे, अशी ही गोष्ट.

गोष्ट छान आहे, पण खरी नाही. खरी गोष्ट तीस वर्षे आधी सुरू होते आणि ती एका बाईची आहे.

एलिझाबेथ मॅगी यांचा जन्म १८६६ चा, इलिनॉय राज्यातला. सगळे त्यांना लिझी म्हणत. वडील वृत्तपत्र चालवायचे, गुलामगिरीचे कडवे विरोधक. त्यांनी मुलीच्या हाती हेन्री जॉर्ज यांचे १८७९ साली निघालेले 'प्रोग्रेस अँड पॉव्हर्टी' हे पुस्तक दिले. जॉर्ज यांचे म्हणणे थोडक्यात असे: माणूस श्रमाने जे निर्माण करतो ते त्याचे. पण जमीन कुणीच निर्माण केलेली नाही. आजूबाजूला वस्ती वाढली, रस्ते आले की मालकाने काडी न हलवताही जमिनीचा भाव वाढतो. मग ती वाढ समाजाला परत मिळायला हवी, म्हणून कर लावायचा तो जमिनीवर. आपल्याकडे १९५१ मध्ये विनोबा भूदान मागत गावोगाव निघाले, तेव्हा जमीन ही हवा-पाण्यासारखी सगळ्यांची, असेच सांगत होते. वाटा वेगळ्या, पण प्रश्न तोच.

लिझीबाई वॉशिंग्टनला लघुलेखिका होत्या. हा रूक्ष विषय लोकांच्या गळी कसा उतरवायचा? त्यांनी खेळ बनवला. १९०३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि ५ जानेवारी १९०४ रोजी ते मिळाले. नाव 'द लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे जमीनदाराचा खेळ. पट चौकोनी, कडेने घरे, चार रेल्वे, एका कोपऱ्यात तुरुंग. फेरी पूर्ण झाली की मजुरी म्हणून शंभर डॉलर. ओळखीचे वाटते ना?

पुढे त्यांनी या एकाच पटावर दोन तऱ्हेचे नियम दिले. पहिल्या तऱ्हेत जो जमिनी बळकावतो तो बाकीच्यांना भिकेला लावून जिंकतो. दुसऱ्या तऱ्हेत जमिनीचे भाडे मालकाच्या खिशात न जाता सार्वजनिक तिजोरीत जाते, आणि ज्याच्याकडे सगळ्यांत कमी पैसे होते त्याची पुंजी दुप्पट झाली की डाव सगळ्यांनीच जिंकला! आधी पहिल्या नियमांनी खेळून चिडायचे, मग दुसऱ्या नियमांनी खेळून विचार करायचा, अशी ही योजना. चाळीस मुलांच्या वर्गात आयुष्य काढलेल्या मला या युक्तीचे फार कौतुक वाटते. फळ्यावर तासभर लिहून जे साधत नाही ते खेळातल्या एका हरण्याने साधते.

१९०६ मध्ये हा खेळ छापूनही निघाला, पण खरा पसरला तो हाताने काढलेल्या पटांवरून. डेलावेअरमधल्या आर्डेन या वसाहतीत हेन्री जॉर्जचे अनुयायी राहत, तिथे तो रुजला. तिथले स्कॉट निअरिंग हे प्राध्यापक पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात आपल्या विद्यार्थ्यांना तो शिकवत. विद्यार्थी सुट्टीत घरी गेले की तिथे नवा पट आखला जाई. मेणकापडावर किंवा लाकडी फळीवर ज्याने त्याने आपला पट काढावा, आपल्या गावातली नावे घालावी, मित्रांना जेवायला बोलवावे आणि जेवणे उरकली की खेळायला बसावे, असे चालले होते.

१९३० च्या आसपास रूथ हॉस्किन्स नावाच्या शिक्षिकेने हा खेळ अटलांटिक सिटीत नेला. तिथे क्वेकर लोकांची, म्हणजे साधेपणाने राहणाऱ्या एका ख्रिस्ती पंथाची, शाळा होती आणि त्या तिथे शिकवत. त्यांच्या मित्रमंडळींनी आपल्याच गावातले रस्ते आणि पेठा पटावर घातल्या. तोवर जागांचा लिलाव व्हायचा. या शांत मंडळींना तो आरडाओरडा नको होता, शिवाय पोराटोरांना लिलाव जमत नसे. म्हणून जागांच्या किमती पटावरच लिहून टाकल्या. आपण आज ज्या ठरीव किमतीला जागा घेतो, ती या घरगुती बैठकींची देणगी!

या मंडळींपैकी रेफर्ड नावाच्या मित्राकडून फिलाडेल्फियाचे चार्ल्स टॉड हा खेळ शिकले. टॉड दांपत्याने ओळखीच्या एका जोडप्याला घरी जेवायला बोलावले आणि जेवणानंतर पट मांडला. ते जोडपे म्हणजे चार्ल्स डॅरो आणि त्यांची पत्नी एस्थर. डॅरोंना खेळ इतका आवडला की त्यांनी टॉड यांच्याकडे नियम लिहून मागितले. टॉड यांनी दिले. मित्राने खेळाचे नियम मागितले तर कोण नाही म्हणेल? आपण लोणच्याची कृती नाही का लिहून देत!

पुढे डॅरोंनी तो पट छान रंगवून घेतला, स्वतःचा म्हणून विकायला सुरुवात केली आणि १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने तो विकत घेतला. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला डॅरोंच्या नावाने पेटंटही मिळाले.

मग हे सगळे उघडकीला कसे आले?

अटलांटिक सिटीच्या दक्षिणेला मार्गेट आणि व्हेंटनॉर ही दोन गावे आहेत. त्यांच्या सीमेवरच्या वस्तीचे नाव दोन्ही गावांची आद्याक्षरे जोडून पडले, 'मार्व्हेन गार्डन्स'. टॉड यांनी आपला पट लिहिताना मात्र 'मार्व्हिन' लिहिले. मात्रेच्या जागी वेलांटी! आणि डॅरोंच्या छापील पटावरही 'मार्व्हिन'च आहे. जो माणूस आपल्या आठवणीतल्या गावाचा नकाशा काढतो तो टॉड यांचीच चूक कशी करेल?

परीक्षेच्या वर्गावर पर्यवेक्षण केलेल्या कुणालाही हे चटकन कळेल. बरोबर उत्तर दोन पोरांचे सारखे येऊ शकते, त्यावरून काही सिद्ध होत नाही. नक्कल सापडते ती सारख्या चुकीवरून.

ही चूक पुढे कोर्टातल्या झगड्यात कामाला आली. १९७३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक राल्फ अँस्पॅक यांनी 'अँटी-मोनॉपली' नावाचा खेळ काढला. नावावरून पार्कर ब्रदर्सशी भांडण जुंपले. १९७७ मध्ये तर त्यांच्या खेळाचे सुमारे ४०,००० संच मिनेसोटात जमिनीत गाडले गेले! प्राध्यापक हटले नाहीत. जुने पेटंट, म्हाताऱ्या क्वेकर मंडळींच्या माळ्यावरचे जुने पट, चार्ल्स टॉड यांची साक्ष असे सगळे त्यांनी गोळा केले. १९८२ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो तसाच राहू दिला. यामुळेच लिझीबाईंचे नाव पुन्हा उजेडात आले. मेरी पायलन या पत्रकार बाईंनी २०१५ मध्ये हा इतिहास 'द मोनॉपॉलिस्ट्स' या पुस्तकात सविस्तर लिहिला आहे.

लिझीबाईंचे काय झाले? १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्सने त्यांचे पेटंट ५०० डॉलरला घेतले, विक्रीतला हिस्सा शून्य. आपला विचार आता घरोघर पोचेल, या आनंदात त्यांनी सही केली. पोचला तो दुसराच खेळ. १९३६ च्या जानेवारीत त्यांनी वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्राला आपले जुने पट दाखवून हे सांगितले, पण कोण ऐकतो? १९४० च्या जनगणनेत त्यांनी व्यवसाय लिहिला आहे 'खेळ बनवणारी' आणि उत्पन्न शून्य. १९४८ मध्ये त्या गेल्या.

मला यातल्या दोन गोष्टी सारख्या खुपतात. एक म्हणजे, हा खेळ तीस वर्षे कुणा एकाचा नव्हताच. लिझीबाईंचे बीज, विद्यार्थ्यांची ने-आण, हॉस्किन्सबाईंच्या मित्रांच्या ठरीव किमती, टॉड यांची चुकीची वेलांटीसुद्धा! इतक्या हातांनी मशागत केलेल्या या जमिनीला एकाने कुंपण घातले आणि तोच भाडे घेत राहिला. खेळ ज्याविरुद्ध बनवला होता, नेमके तेच खेळाच्या नशिबी आले.

दुसरी गोष्ट आम्हा शिक्षकांची. दोन नियमांपैकी सगळ्यांनी जिंकण्याचा नियम वाटेतच गळून पडला आणि दुसऱ्याला बुडवण्याचा तेवढा उरला. शिकवणाऱ्याने धडा म्हणून दिलेले उदाहरणच मुलांनी आदर्श म्हणून उचलले! त्यांना तरी दोष कसा द्यावा? बुडवण्यात मजा आहे, हे सतरंजीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण दुसरा डाव खेळायलाच मिळाला नाही तर त्यातही मजा असेल हे कळणार कसे?

नियम अवघड नाहीत. भाडे मालकाला द्यायचे नाही, मधल्या तिजोरीत टाकायचे. सगळ्यांत गरीब गड्याचे पैसे दुप्पट झाले की डाव संपला. या दिवाळीत नातवंडे जमली आणि 'व्यापार'चा पट निघाला, तर पहिला डाव नेहमीसारखा होऊ द्या आणि दुसरा असा मांडा. मांडताना मुलांना लिझीबाईंचे नाव मात्र जरूर सांगा.