क्रिटिकल स्पीडच्या पलीकडे

वॉशिंग मशीनचा स्पिन सुरू झाला की ड्रम आधी धडधडतो आणि वेग वाढला की शांत होतो. हे सगळ्यांनीच पाहिलंय. पण फिरणाऱ्या शाफ्टच्या बाबतीत असं होणं शक्यच नाही, असं १८६९ साली गणिताने सिद्ध केलं होतं!

ते करणारा विल्यम रँकिन म्हणजे स्टीम इंजिनच्या शास्त्रातला दादा माणूस. त्याचा हिशोब साधा होता. शाफ्ट जरा वाकला की केंद्रापसारक बल त्याला आणखी बाहेर ओढतं आणि पोलादाचा ताठरपणा परत आत खेचतो. एका वेगाला दोन्ही बलं बरोबरीत येतात. हाच क्रिटिकल स्पीड. त्यापुढे शाफ्ट वाकतच जाणार. त्यामुळे शाफ्ट जाडजूड करा आणि या वेगाच्या खालीच राहा, असा सल्ला निघाला.

१८८९ साली स्वीडनच्या गुस्ताफ द लाव्हालने मुद्दाम बारीक, लवचिक शाफ्ट घेऊन आपली टर्बाइन क्रिटिकल स्पीडच्या वर चालवली. ती मस्त चालली. मग गडबड कुठे होती? रँकिनने फिरत्या चौकटीत बसून हिशोब केला, पण त्यात कोरिओलिस बल धरलंच नाही. जर्मनीत ऑगस्ट फोपलने १८९५ साली बरोबर उत्तर काढलं, पण इंग्रजी जगात ते फारसं कुणी वाचलं नाही. १९१९ साली हेन्री जेफकॉटने तेच पुन्हा मांडलं, तेव्हा लोकांना पटलं. क्रिटिकल स्पीड ओलांडला की चाकाची जड बाजू बाहेरून आत येते आणि चाक स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरू लागतं. म्हणून थरथर कमी होते.

झालं, सगळे बारीक शाफ्ट बनवायला लागले! आणि १९२४ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकचे झोतभट्टीचे कॉम्प्रेसर वरच्या वेगात भयानक हलू लागले. कितीही बॅलन्स करा, फरक शून्य. बर्ट न्यूकर्कच्या तपासात कारण निघालं ते घट्ट बसवलेल्या भागांमधलं घर्षण. जेफकॉटच्या मॉडेलमध्ये तेच नव्हतं. म्हणजे पुन्हा एक टर्म राहिली होती!

पुढे जेट इंजिन आलं. एका पोकळ शाफ्टच्या आतून दुसरा शाफ्ट, दोघांचे वेग वेगळे आणि वजन वाचवायला सगळंच सडपातळ. इथे क्रिटिकल स्पीडच्या खाली राहणं परवडत नाही. १९४५ साली मेल्विन प्रोलने शाफ्टचे तुकडे पाडून एकेक तुकडा पुढे मोजत जायची पद्धत दिली. कॉम्प्युटर आल्यावर ती फार कामाची ठरली. बेअरिंगभोवती तेलाचा पातळ थर ठेवून कंपनं जिरवायची युक्तीही आली.

आज सॉफ्टवेअर हजारो समीकरणं सोडवतं, पण ती कुठली घ्यायची ते माणूसच ठरवतो. म्हणूनच नवं इंजिन आजही आधी टेस्ट बेडवर सगळ्या वेगांतून नेतात, कंपनं मोजतात आणि मगच विमानाला लावतात.