वादळावर ठेवायचं शिंग

बागबाजारात ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. नागपूरकर भोसल्यांच्या बारगिरांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्त्याने खणायला घेतलेल्या खंदकाचं नाव तेवढं तिथे उरलंय. बारगीर शहरात आलेच नाहीत. खंदकही अर्धवट राहिला. वादळं मात्र येत राहिली, आणि त्यांच्यावर याच शहरात निघालेला उपाय तळहातावर मावणारा होता: शिंगाचे दोन पारदर्शक पापुद्रे.

वादळात वारा गोल फिरतो, हे अमेरिकेत रेडफील्डने आणि पुढे ब्रिटिश लष्करी अधिकारी रीडने दाखवलं होतं. दर्या सोडून कलकत्त्यात स्थायिक झालेल्या हेन्री पिडिंग्टनने १८३९ पासून जहाजांच्या रोजनिशा तपासायला घेतल्या. त्यातली ‘चार्ल्स हेडल’ या जहाजाची नोंद मला सर्वांत मोलाची वाटते. फेब्रुवारी १८४५ मध्ये मॉरिशसजवळ ते वारा पाठीशी घेऊन पळत सुटलं आणि पाच दिवस वादळाच्या केंद्राभोवती घिरट्या घालत राहिलं. वर्तुळ आता खुद्द जहाजानेच आखून दिलं होतं.

१८४८ च्या ‘सेलर्स हॉर्नबुक’सोबत ते पापुद्रे आले (‘सायक्लोन’ हा शब्दही त्यातलाच). एक उत्तर गोलार्धाचा, एक दक्षिणेचा. वर्तुळं आणि वाऱ्याचे बाण काढलेला पापुद्रा नकाशावर ठेवायचा, आपल्याकडच्या वाऱ्याशी जुळणारा बाण जहाजाच्या जागी आणायचा; मधला ठिपका म्हणजे वादळाचं केंद्र. तिथून दूर जायचं.

पण शिंगच का? इंग्रज मुलांच्या अक्षरपाटीवर शिंगाचा पापुद्रा असे, तिला हॉर्नबुक म्हणत. तेव्हा ही निव्वळ शब्दाची गंमत, असं कुणी म्हणेल. मला पटत नाही. लाटा डेकवर येताना कागद भिजतो, काच फुटते. कंदिलाला शिंगाची तावदानं बसवणाऱ्या जहाजी माणसाला सामान आधी सुचलं असणार, नाव मागून.

पिडिंग्टनने वारा शुद्ध वर्तुळात फिरतो असं धरलं, तिथे तो चुकला. वारा आत वळतो; वाऱ्याकडे तोंड केलं तर केंद्र बरोबर काटकोनात नाही, थोडं मागे असतं. मॉरिशसच्या मेल्ड्रमने पुढे हे ठासून मांडलं.

कलकत्त्याजवळच्या मातला नदीवर बंदर बांधू नका, समुद्र आत घुसेल, असं पिडिंग्टनने १८५३ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीला कळवलं होतं. बंदर झालंच. १८५८ मध्ये तो वारला. १८६७ च्या वादळाने ते बंदर, पोर्ट कॅनिंग, उद्ध्वस्त केलं.