पाटाकडेची सावली

बारामतीतून जाणाऱ्या नीरा डाव्या कालव्याच्या कडेला एखादी बागेची पट्टी गाठा. नावाची नसली तरी चालेल. घसरगुंडी, ओपन जिमचं करकरणारं यंत्र, कडुनिंबाखाली बाकडं. संध्याकाळी सहाला बाकड्यावर जागा मिळाली तर नशीब. मिळाली? मग डोळे मिटा.

1914. थंडीचे दिवस. यंत्राची करकर थांबलीय. पाटाच्या पाण्यावर ऊस आलाय, गुऱ्हाळाचा वास नाकात भरतो. लांबून छोट्या गाडीची शिट्टी येते. दौंड-बारामती नॅरोगेज यंदाच सुरू झालीय.

1877. आता बाकडं नाही, कडुनिंब नाही, पाटही नाही. पायाखाली उघडा मुरूम. पाऊस गेल्या साली दगा देऊन गेला. माणसं पाहायची तर नीरेच्या वरच्या अंगाला चला, तिथे कालवा दुष्काळी काम म्हणून खोदतायत. बायांच्या डोक्यावर मातीच्या पाट्या, पोरं बांधावर निजलेली. पुरुषाची रोजी काय? एक रत्तल धान्याची किंमत आणि वर एक आणा. सरकारने रोजी एवढी खाली आणली तेव्हा मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामं टाकून निघाले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. उपाशी माणसांनी संप करायचा म्हणजे काय, ते तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

अजून मागे, 1790च्या सुमारास, गावात कवी मोरोपंत आहेत आणि कऱ्हेकाठी सावकार बाबूजी नाईकांचा वाडा. कऱ्हा भरून वाहताना दिसली तर पावसाळा आहे असं समजा.

आता परत या. वाटेत 1885 साली कालवा सुरू झाला. नीरेचं पाणी वीर गावापाशी वळून बारामतीवरून इंदापूरकडे जाऊ लागलं. कालव्याच्या काठची झाडं त्याच पाण्याच्या पाझरावर पोसली. कालव्याच्या शेवटाचा, टेलचा इंदापूरकर म्हणेल, हा पाझर म्हणजे माझं चोरलेलं पाणी. त्याचंही खोटं नाही. म्हणून कालव्याला काँक्रीटचं अस्तरीकरण हवं असं तो म्हणतो, आणि याच पाझरावर विहीर भरणारा विहिरीवाला नको म्हणतो.

या भांडणात बाकड्यावर बसणाऱ्या आजोबांना कोणी विचारत नाही. काँक्रीट ओतायचंच असेल, तर आधी या कडुनिंबाच्या बुंध्याशी एक पाण्याची नळी टाका.