सोळाव्या हाताची वाट

973 च्या सुमारास फातिमी खलिफा अल-मुइझने कैरोत एका बातमीवर बंदी घातली. नाईल किती चढली, हे पाणी सोळा हातांवर जाईपर्यंत कोणी जाहीर बोलायचे नाही. पूर रेंगाळला एवढी कुणकुण लागली तरी धान्य कोठारात दडपले जाई आणि बाजारात भाव भडकत. हुकूम कडक होता, पण त्यामागे भुकेची जाण होती.

हे हात मोजले जात रोडा बेटाच्या दक्षिण टोकावर. त्रिभुज प्रदेशात नाईलला फाटे फुटण्याआधीची ही जागा. इथला ‘मिकयास’, म्हणजे मापक, खलिफा अल-मुतवक्किलच्या काळात 861 मध्ये बांधला गेला. जमिनीत खोल उतरलेली दगडी विहीर, भिंतींना धरून पायऱ्या आणि मधोमध आठ पैलूंचा संगमरवरी खांब. खांबावर हातांच्या खुणा. एक हात साधारण 54 सेंटीमीटरचा. वेगवेगळ्या उंचीवरच्या तीन भुयारांतून नदीचे पाणी आत येई. लाटा बाहेरच राहत, आत पाणी संथपणे चढे, त्यामुळे बोटा-बोटाची वाढही वाचता येई.

इथियोपियात पाऊस कोसळला की उन्हाळ्यात इथे पाणी चढू लागे. सोळा हात भरले की कैरोच्या कालव्याच्या तोंडावरचा मातीचा बांध वाजतगाजत फोडायचा आणि त्या वर्षीचा पूर्ण शेतसारा लागू करायचा.

1200 साली पाणी बारा हात एकवीस बोटांवरच थांबले. त्यानंतरच्या दुष्काळात माणसांनी माणसे खाल्ली, असे तेव्हा कैरोत असलेल्या बगदादच्या अब्द अल-लतीफ या वैद्याने लिहून ठेवले आहे.

एकोणिसाव्या शतकातही पुराच्या दिवसांत दवंडीवाला गल्लोगल्ली फिरून रोजची वाढ पुकारत असे. मोजणीचे काम इब्न अबी अल-रद्दाद घराण्याकडे शतकानुशतके वारशाने चालत आले होते.

या चिवट मोजदादीचे मोल विसाव्या शतकात नव्याने कळले. हॅरोल्ड हर्स्ट हा ब्रिटिश जलतज्ज्ञ नाईलवर किती मोठा जलाशय हवा याचे गणित मांडत होता. नाईलच्या पुराच्या 622 पासूनच्या नोंदी त्याने तपासल्या, तेव्हा सुकाळाची आणि टंचाईची वर्षे घोळक्याने येतात हे त्याच्या लक्षात आले. म्हणजे नेहमीच्या हिशेबापेक्षा साठा बराच मोठा लागणार होता.

1970 मध्ये आस्वानचे उंच धरण पुरे झाले. आता पूर कैरोपर्यंत येत नाही. भुयारांची तोंडे बुजवलेली आहेत, आणि पाहुणे कोरड्या पायऱ्यांवरून खांबाच्या बुंध्याकडे उतरतात.